महिला फुटबॉल: आशिया चषक २०२६, ब्राझीलची वाट आणि आपला जांभा

कातळसडा | ३ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

युरोची फायनल होऊन आठवडा झाला. १२० मिनिटांनंतर १-१ आणि मग पेनल्टीत इंग्लंडने स्पेनला ३-१ असं काढलं. गेल्या मंगळवारी सिडनीत महिला आशिया चषकाचा ड्रॉही निघाला. भारत क गटात आहे: जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई (म्हणजे तैवान).

ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी: ५ जुलैला चिआंग माईत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्याआधी मंगोलिया १३-०, तिमोर-लेस्ते ४-०, इराक ५-०. पात्रता फेरी खेळून, जिंकून आशिया चषकात जाण्याची ही भारताची पहिलीच वेळ. २०२२ला आपण यजमान म्हणून होतो, सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होते. पण इराणशी ०-० झाल्यावर संघात कोरोना पसरला, तैपेईविरुद्ध १३ खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत आणि आपण स्पर्धेतूनच बाद झालो. आता तीच तैपेई पुन्हा गटात.

तीन गोष्टींवर माहिती हवी आहे. ब्राझील २०२७ची, म्हणजे तिथल्या महिला विश्वचषकाची, नेमकी वाट काय? जपान आणि आपल्यात अंतर आहे ते नक्की कशाचं? आणि तिसरं, धागा मुळात त्यासाठीच काढला: रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या मैदानावर मुलींचा संघ उभा करायचा तर काय काय सांभाळावं लागतं?

एक विनंती. "पुरुषांचंच काही होत नाही" हे वाक्य सगळ्यांनी लिहिलंय असं धरून चाललो आहोत, पुन्हा लिहू नये.

---

पेणकर_मास्तर | ३ ऑगस्ट, रात्री १०:२५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. १२ संघ, ४-४चे ३ गट. प्रत्येक गटातले पहिले २ आणि तिसऱ्या आलेल्या तिघांतले सर्वांत चांगले २, असे ८ संघ उपांत्यपूर्व फेरीत. तिथे जिंकणारे ४ थेट ब्राझीलला. हरलेल्या ४ संघांत आणखी दोन सामने होतील, ते जिंकणारे २ संघही ब्राझीलला. राहिलेले २ आंतरखंडीय प्ले-ऑफ खेळतील. म्हणजे आशियातून थेट ६ आणि वळसा घालून कदाचित आणखी. आठात शिरलं की दार बंद होत नाही, हे मुख्य.

खरी गंमत तिसऱ्या क्रमांकात आहे. एकाच गटातले दोघं बरोबरीत असतील तर आपसातला सामना बघता येतो. वेगवेगळ्या गटांतल्या तिसऱ्या संघांची तुलना करताना ती सोय नाही, तिथे गुणांनंतर गोलफरक. ब गटात चीन आणि उत्तर कोरिया आहेत, त्यांच्यासमोर बांगलादेश किंवा उझबेकिस्तान यांतला जो तिसरा येईल त्याच्या पदरात दोन मोठे पराभव असण्याची शक्यता बरीच. अ गटात ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इराण, फिलिपिन्स.

आपलं वेळापत्रक: ४ मार्चला व्हिएतनाम आणि ७ला जपान, दोन्ही पर्थला, १०ला तैपेई सिडनीत. व्हिएतनाम किंवा तैपेईकडून ३ गुण आले तर सगळं जपानच्या सामन्यावर टांगलेलं राहील, आणि तिथे प्रश्न जिंकण्याचा नाही, ३ खायचे की ८ याचा आहे. ०-३ झालेलं असताना ७५व्या मिनिटाला "एक तरी मारूया" म्हणून बचावाच्या दोघी पुढे पाठवणं हा गुन्हा ठरेल. त्या वेळी चेंडू कोपऱ्यात नेऊन ठेवायचा, थ्रो-इनला वेळ घ्यायचा. बघायला कंटाळवाणं, पण हिशेब तोच आहे.

घड्याळ: पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सिडनीत मार्चमध्ये उन्हाळी वेळ असते म्हणून साडेपाच तास. ब्राझील २०२७ला उलटं होईल, रिओ आपल्या साडेआठ तास मागे. तिथला दुपारी ४चा सामना इथे रात्री साडेबाराला.

---

आबोली_सावंतवाडी | ४ ऑगस्ट, सकाळी ७:५०

मास्तर, गोलफरकाचं पटलं. फिफाच्या महिला क्रमवारीतही गोलांचा फरक मोजला जातो, पुरुषांच्या क्रमवारीत जात नाही. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं.

अंतर कशाचं? एका शब्दात, सामन्यांचं. आपल्या इंडियन विमेन्स लीगचा २०२४-२५चा हंगाम ८ संघांचा, प्रत्येकाशी घरी-बाहेर, म्हणजे एका मुलीला लीगचे जास्तीत जास्त १४ सामने. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये त्याच हंगामात १२ संघ होते, म्हणजे २२. वर दोन चषक आणि मोठ्या क्लबांना युरोपातले सामने. सराव कितीही करा, ७०व्या मिनिटाला पाय जड झाल्यावर पास कुठे द्यायचा हे सामन्यातच कळतं. जपान २०११ला जर्मनीत विश्वविजेता झाला तो अमेरिकेला पेनल्टीत हरवून. २०२१पासून त्यांच्याकडे पूर्ण व्यावसायिक लीग आहे, आणि त्यांच्या कितीतरी मुली इंग्लंड-जर्मनीत खेळतात.

आपण मात्र चांगली सुरुवात करून वाट सोडली. १९७९ आणि १९८३च्या महिला आशिया चषकांत भारत उपविजेता होता. २००९मध्ये १८ महिने एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे आपलं नाव फिफाच्या क्रमवारीतूनच काढलं गेलं होतं. संघ वाईट म्हणून नव्हे, संघ मैदानात उतरलाच नाही म्हणून. आज जो २४ क्रमांक वर असलेल्या थायलंडला हरवण्याचा आनंद आहे तो या पार्श्वभूमीवर मोठा आहे.

पैशांचंही बघा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने वरच्या लीगमधल्या क्लबांना किमान १० भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचे करार करायला सांगितले, तेही २०२३मध्ये. महिन्याला २७ हजारांच्या आत. त्यात बूट, प्रोटीन, फिजिओ.

---

खाडीपलीकडे | ४ ऑगस्ट, सकाळी ११:०५

पण प्रेक्षक नसतील तर पैसे येणार कुठून? बाजार जे देतो तेच मिळणार ना?

---

आबोली_सावंतवाडी | ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

खाडीपलीकडे, बाजाराला कोणी विचारलंच कुठे? १९२०च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या महिला संघाचा सामना बघायला ५३ हजार लोक होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना बंदी घातली. ती जवळजवळ ५० वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ कायद्यानेच मनाई, आणि आता विश्वचषक तिथेच. दुकानाला कुलूप लावायचं आणि वर म्हणायचं गिऱ्हाईक येत नाही!

कुलूप निघाल्यावर काय झालं तेही आकड्यात आहे: एप्रिल २०२२, कॅम्प नोऊ, बार्सिलोना-वोल्फ्सबुर्ग, ९१,६४८ प्रेक्षक. तरीही २०२३च्या महिला विश्वचषकाची बक्षिसं ११ कोटी डॉलर, पुरुषांची २०२२ची ४४ कोटी. २०१९ला महिलांची ३ कोटीच होती, म्हणजे वाढ आहे. यंदाच्या युरोत ४.१ कोटी युरो, पुरुषांच्या २०२४ला ३३.१ कोटी.

---

पेणकर_मास्तर | ४ ऑगस्ट, दुपारी २:१०

+१. आणि पहिल्या महिला विश्वचषकात, १९९१ला चीनमध्ये, सामने ८० मिनिटांचे ठेवले होते. ९० झेपणार नाहीत म्हणे.

---

रापणकर | ४ ऑगस्ट, रात्री ८:५५

वायच खाली उतरा आता, आपल्या मैदानावर या.

जांभ्याचं मैदान वर्षातून तीन वेगवेगळी मैदानं असतं. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ आणि खळग्यात पाणी. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगलं, माती ओली पण घट्ट. जानेवारीपासून वीट. पायाखाली बारीक खडी सुटते आणि ती बॉल-बेअरिंगसारखी फिरते, घोटा तिथेच मुरगळतो. म्हणून सरावाआधी सगळ्या मुलींनी एका रांगेत, हातभर अंतरावर, घमेलं घेऊन मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं आणि सुपारीएवढा दगडसुद्धा उचलायचा. दहा मिनिटांचं काम. आठवड्यातून दोनदा पुरतं.

बूट. लांब पात्यांच्या स्टडचे बूट दुकानदार गळ्यात मारतो, ते गवतासाठी असतात. कोरड्या जांभ्यात पातं शिरत नाही, मुलगी टोकांवर उभी राहते. पावसाळ्यातल्या चिखलात तेच पातं रुततं, अंग वळतं पण पाऊल वळत नाही, मग गुडघा जातो. आपल्याकडे बारीक बारीक रबरी गुठळ्यांचा तळ असलेले टर्फ बूट घ्यावेत. शेवाळावर मात्र कुठलाच बूट चालत नाही. त्या दिवसांत समाजमंदिराच्या पडवीत पास आणि कंट्रोल करून घ्या.

चेंडू. मोठ्यांसाठी ५ नंबर: घेर ६८ ते ७० सेंमी, वजन ४१० ते ४५० ग्रॅम, पुरुष-महिला एकच. १२-१३ वर्षांच्या मुलींना ४ नंबर. हवा ८.५ ते १५.६ पीएसआयमध्ये चालते. कडक मैदानावर खालच्या टोकाला ठेवा, ९च्या आसपास, नाहीतर चेंडू खांद्याएवढा उडतो आणि मुली पास सोडून उड्याच मारत राहतात. महागडा शिवलेला पीयूचा चेंडू जांभ्यावर महिन्याभरात सोलून निघतो. सरावाला साचातला रबरी घ्या, शिवलेला सामन्यासाठी ठेवा.

---

कातळसडा | ४ ऑगस्ट, रात्री ९:२०

रापणकर, पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, सराव घेतला तर? गोलकीपरला डाइव्ह शिकवायला जांभा म्हणजे कोपरं सोलणं आहे.

---

रापणकर | ४ ऑगस्ट, रात्री ९:४५

घ्या, पण आत्ता नको. पावसाळ्यात समुद्र पुळण खाऊन टाकतो, खाली खडक उघडे पडतात आणि लाटेचा भरवसा नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला म्हणजे वाळू परत आली असं होत नाही. दसऱ्यानंतर बघा.

वेळ ठरवायला तिथीची पाऊणपट करा. जेवढी तिथी, तिच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. अष्टमी: आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी माडांच्या बुडाशी, सराव रद्द. पौर्णिमा-अमावास्या: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि ती मोठी, रुंद पुळण मोकळी. शाळा सुटल्यावरची वेळ. वद्यपक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. दर दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे पुळणीचे दिवस पंधरवड्यातून चार-पाचच मिळतात. उरलेले जांभ्यावर.

ओली घट्ट वाळू पळायला, कोरडी भुसभुशीत डाइव्हला. कोरड्या वाळूत २० मिनिटांपेक्षा जास्त पळवू नका, पोटऱ्या आणि टाचेची शीर दुखावते. नंतर चेंडू गोड्या पाण्याने धुवायचा आणि सावलीत वाळवायचा, मीठ शिलाई खातं.

---

गुडघा_सरळ | ५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

व्यवसायाने फिजिओ, म्हणून याच मुद्द्यावर. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध (लिगामेंट), एसीएल, तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कैक पटींनी जास्त असतं. अभ्यासांप्रमाणे आकडा २ ते ८ पटींपर्यंत बदलतो. बहुतेक वेळा धक्का लागलेलाच नसतो. मुलगी एकटीच वळते किंवा उडी मारून उतरते आणि गुडघा आत कोसळतो. एकदा तुटला की शस्त्रक्रिया आणि साधारण ९ महिने ते वर्षभर बाहेर. गावच्या मुलीसाठी बहुतेक वेळा कायमचंच बाहेर, कारण घरचे पुन्हा सोडत नाहीत.

उपाय फुकट आहे आणि २० मिनिटांचा. फिफाचा ११+ वॉर्म-अप. पहिली ८ मिनिटं हळू पळण्याचे ६ प्रकार. मधली १० मिनिटं ताकद, तोल, उड्या. शेवटची २ मिनिटं वेगाने पळणं आणि दिशा बदलणं. मधल्या भागातला पहिला टप्पा असा: प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ ताठ धरणं) २०-३० सेकंद, ३ वेळा. आडवा प्लँक दोन्ही कुशींवर तसाच. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारणीने घोटे दाबून धरायचे, पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं, ३ ते ५ वेळा. मग एका पायावर चेंडू धरून ३० सेकंद, स्क्वॉट्स, उभ्या उड्या.

कुठे चुकतं? शिक्षक "२० उड्या मारा" सांगून शिट्टी घेऊन सावलीत जातात. उड्यांची संख्या महत्त्वाची नाही, उतरणं महत्त्वाचं. समोर उभं राहून बघा: गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का? दोन्ही गुडघे एकमेकांकडे वळले तर ती उडी मोजू नका. आणि आवाज ऐका. कातळावर धप्प वाजलं म्हणजे गुडघा वाकवून उतरलेली नाही. आठवड्यातून किमान दोनदा, पूर्ण हंगामभर. जिथे नेमाने केलं तिथे दुखापती साधारण ३० ते ५० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं आहे. पहिल्याच दिवशी नॉर्डिक १५ वेळा करून घेतलं की दुसऱ्या दिवशी अर्धा संघ जिना उतरू शकत नाही, आणि तिसऱ्या दिवशी कोणी येत नाही.

---

आबोली_सावंतवाडी | ५ ऑगस्ट, सकाळी ९:१५

यात एक जोड. मुलगी दमते याचं कारण दर वेळी आळस नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि ९-१० घेऊन मैदानात उतरणारी मुलगी दुसऱ्या अर्ध्यात उभी राहणार नाही, तुम्ही कितीही ओरडा. हंगामाआधी तपासणी करून घ्या. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. ती दप्तरात न जाता पोटात जाते ना बघा. रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून मुली टाकतात. जेवणानंतर घ्यावी, आणि चहा तासभर लांब, चहाने लोह शोषलं जात नाही.

"नाचणी खा, रक्त वाढेल" हा सल्ला अर्धाच. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम. लोहासाठी सुका जवळा, मासे, कुळीथ, हिरवी पालेभाजी, आणि सोबत लिंबू किंवा आवळा.

पाळीच्या दिवसांत पांढऱ्या शॉर्ट्समुळे मुली सराव चुकवतात. इंग्लंडच्या संघाने २०२३ला याच कारणासाठी पांढऱ्या बदलून निळ्या घेतल्या. आपण गडद रंग पहिल्याच दिवशी ठरवावा, जास्तीचा खर्च शून्य.

---

खाडीपलीकडे | ५ ऑगस्ट, दुपारी १२:२०

बाजारावरचं माझं म्हणणं मागे घेतो. आता एक उपयोगाचं विचारतो: गोलपोस्ट? तयार लोखंडी परवडत नाहीत.

---

रापणकर | ५ ऑगस्ट, दुपारी ३:००

पूर्ण गोल ७.३२ बाय २.४४ मीटर. लहान मुलींच्या ७-७च्या खेळाला १२ बाय ६ फूट पुरे, मैदान साधारण ५५ बाय ३७ मीटर. सुरूचे वासे घ्या, साल काढा, काटकोनाला तिरपा आधार ठोका. जाळं बंदरावर जुनं मिळतं, पण पारदर्शक एकेरी तंगूसचं नको, ते बोटं कापतं आणि पाय अडकवतं. जाड पिळाचं घ्या. ते खांबांना सुतळीने दर वीतभर बांधा, मागे सैल सोडा म्हणजे चेंडू उलटा येणार नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं: हलता गोल मागच्या बाजूने बांधल्याशिवाय उभा करू नका. मागच्या आडव्या दांड्यावर वाळूची भरलेली पोती, दोन्ही कोपऱ्यांत. पोरं दांड्याला लोंबकळतात आणि गोल तोंडावर पडतो, जगभर जीव गेलेत यात. संध्याकाळी आडवा करून ठेवायचा.

आखणीला १२ मीटरची दोरी, ३ आणि ७ मीटरवर गाठी. ३-४-५चा त्रिकोण ताणला की कोपरा काटकोनात येतो, नाहीतर मैदान पतंगासारखं तिरकं होतं. फक्की मारताना भाजका कळीचा चुना वापरू नका, घामाने कातडी जळते आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो.

---

पेणकर_मास्तर | ५ ऑगस्ट, सायंकाळी ५:४५

संघ झाला, आता खेळवायचा कुठे? मुलींसाठी १७ वर्षांखालचा सुब्रोतो चषक आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. इथे कोकणाची एक अडचण लक्षात ठेवा: क्रीडा खात्याच्या रचनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात, रायगड मुंबईत. म्हणजे जिल्हा जिंकलेल्या मुलींची पुढची गाठ थेट कोल्हापूरच्या संघाशी, जिथे पेठापेठांत फुटबॉल चालतो. तीन वर्षं जिल्ह्यात १०-० जिंकून विभागात ०-९ हरायचं, हे यामुळे होतं. जिल्ह्यातल्या १०-०ने मुलगी काहीच शिकत नाही. त्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंबा किंवा फोंडा घाट चढून जा आणि चार मैत्रीपूर्ण सामने हरून या. मुलींचे संघ मिळाले नाहीत तर १४ वर्षांच्या मुलांशी खेळवा.

कागद जुलैतच गोळा करा: जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड. तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. आधारावर फक्त आडनाव वेगळं लिहिलेलं असलं तरी मुलगी बाकावर बसते. राज्यांच्या महिला संघांची राष्ट्रीय स्पर्धा राजमाता जिजाबाई चषक या नावाने होते, आणि ती गाजवली आहे बहुतांशी मणिपूरने. नाव आपलं, चषक त्यांचा.

---

कातळसडा | ५ ऑगस्ट, रात्री १०:१०

सगळ्यांचं टिपून घेतलं. यंदा गणपती २७ ऑगस्टला, तोपर्यंत पडवीत ११+ आणि पास. विसर्जनानंतर दगड वेचणं. पुळणीचा पहिला सराव दसऱ्यानंतरच्या पौर्णिमेला.

एक राहिलं. चेंडूत हवा भरताना पिन आत जाते आणि वॉल्व्ह फाटतो. दोन चेंडू असे बाद झाले.

---

रापणकर | ५ ऑगस्ट, रात्री १०:२५

सुकी पिन घालता म्हणून. पिनेला ग्लिसरीनचा थेंब लावा, नसेल तर पाण्याने ओली करा. सरळ घाला, वाकडी केली की आतला ब्लॅडर टोचतो. आणि पिन काढल्यावर वॉल्व्हवर थुंकी लावून बघा, बुडबुडा आला तर रात्रीत चेंडू बसतो.